मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकायचाय? आधी कागद निवडा, मग विद्यापीठ

मध्ययुगीन युरोपच्या इतिहासात पुढचं शिक्षण घ्यावं असं ज्यांच्या मनात असतं, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: विद्यापीठ कोणतं? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतर यायला हवा. आपल्याला कोणत्या प्रकारचे कागद वाचायचे आहेत आणि त्यासाठी कोणती भाषा, कोणती लिपी लागेल, हे आधी ठरवावं. ते ठरलं की विद्यापीठ, मार्गदर्शक, शिष्यवृत्तीचा अर्ज या सगळ्या गोष्टी आपोआप मार्गी लागतात. उलट्या क्रमाने गेलं तर परदेशी पोहोचल्यावर पहिल्याच सत्रात लॅटिनशी गाठ पडते आणि वर्ष तिथेच अडकतं. म्हणून या लेखातल्या पायऱ्या मी त्या क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: आवाका समजून घ्या

मध्ययुग म्हणजे ढोबळमानाने इ.स. ५०० ते १५००. सुरुवात म्हणून ४७६ हे साल सांगतात, कारण त्या वर्षी पश्चिमेकडचा शेवटचा रोमन सम्राट पदच्युत झाला. शेवट कोणी १४५३ धरतं (कॉन्स्टँटिनोपल पडलं ते वर्ष), कोणी १४९२. या सीमा सोयीच्या आहेत, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. महत्त्वाचं हे की, ही हजार वर्षं आणि आइसलँडपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंतचा प्रदेश कुणी एकटा शिकत नाही. साधारण १००० सालापर्यंतचा आरंभीचा काळ, १३०० पर्यंतचा भरभराटीचा काळ आणि त्यानंतरचा उत्तरकाळ, यांतला एक निवडावा लागतो. त्यात पुन्हा प्रदेश निवडावा लागतो.

आपल्याकडे बी.ए.ला युरोपच्या इतिहासाचा पेपर बहुतेक ठिकाणी प्रबोधनकाळापासून किंवा थेट फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरू होतो. त्याआधीचं सगळं ‘अंधारयुग’ म्हणून दोन ओळींत उरकलेलं असतं. ही कल्पना डोक्यातून काढून टाका. रोमन लेखकांचे कितीतरी ग्रंथ आज वाचता येतात ते नवव्या शतकातल्या मठांमध्ये बसून कुणीतरी त्यांच्या नकला केल्या म्हणून. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड ही विद्यापीठंही बाराव्या-तेराव्या शतकात उभी राहिली.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. एम.ए.ला तुम्ही ‘भारतीय सरंजामशाही’चा वाद वाचला असेल तर या विषयाच्या उंबरठ्यावर तुम्ही आधीच उभे आहात. इतिहासकार रामशरण शर्मांनी १९६५ मध्ये मांडलेल्या, भारतातही सरंजामशाही होती या भूमिकेला हरबन्स मुखियांनी १९७९ मध्ये आव्हान दिलं. भारतात सरंजामशाही होती का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यासाठी युरोपात ती नेमकी कशी होती हे तपासणं त्यांना भाग पडलं. पुढे त्या चर्चेत ख्रिस विकहॅमसारखे युरोपच्या मध्ययुगाचे अभ्यासकही उतरले. तिकडे एलिझाबेथ ब्राउन यांनी १९७४ मध्ये आणि सुझन रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये ‘सरंजामशाही’ ही संकल्पनाच मोडीत काढावी, असा आग्रह धरला. हे दोन्ही वाद शेजारी ठेवून वाचा. प्रवेशअर्जात यावर लिहिलेला एक नेटका परिच्छेद ‘मला लहानपणापासून किल्ल्यांची आवड आहे’ यापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो.

दुसरी पायरी: विषय नको, कागद निवडा

‘मला धर्मयुद्धांवर काम करायचंय’, ‘मला प्लेगच्या साथीवर काम करायचंय’ असं म्हणणं सोपं असतं. त्यावर प्राध्यापकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या साधनांवरून? मध्ययुगातले कागद नाना तऱ्हांचे आहेत. बखरवजा वृत्तांत, दानपत्रं, जमीनदारीचे हिशेब, न्यायालयाच्या नोंदी, संतचरित्रं, पत्रं, मृत्युपत्रं. प्रत्येकाची भाषा वेगळी, खोटं बोलण्याची रीतही वेगळी.

एक उदाहरण जवळून पाहू. दक्षिण फ्रान्समधल्या पामिए इथला बिशप जाक फूर्निए याने १३१८ ते १३२५ या काळात कॅथार पाखंडाच्या (चर्चने धर्मबाह्य ठरवलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या) संशयावरून आसपासच्या लोकांच्या जबान्या घेतल्या. पिरनीज पर्वतातल्या मोंतायू या छोट्या गावातली माणसं त्यात मोठ्या संख्येने आहेत. पिएर मोरी नावाचा मेंढपाळ आहे, बेआत्रिस द प्लानिसोल ही विधवा आहे. कोण कुणाच्या चुलीपाशी बसून काय बोललं, कुणाचे कुणाशी संबंध होते, मेंढरं कोणत्या खिंडीतून गेली, हे सगळं त्यात येतं. शेतकऱ्यांच्या तोंडचे इतके तपशील त्या काळात फार थोड्या ठिकाणी सापडतात. ती नोंदवही आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे आणि फूर्निए स्वतः १३३४ मध्ये बाराव्या बेनेडिक्ट या नावाने पोप झाला.

आता हीच जबानी अभ्यासक म्हणून वाचा. बेआत्रिस बोलली ऑक्सितानमध्ये, म्हणजे त्या भागातल्या बोलीत. लेखनिकाने ते टिपलं आणि पक्की प्रत लॅटिनमध्ये केली. करताना ‘मी’चं ‘ती’ झालं. मग ते तिला तिच्या बोलीत पुन्हा समजावून दिलं आणि तिने होकार दिला. प्रश्न विचारणाऱ्याला काय ऐकायचं आहे, हे तिला कळत होतं. समोर कैदेची भीती होती. म्हणजे पानावरच्या एकेका वाक्यामागे निदान तीन माणसं आहेत: बोलणारी, विचारणारा आणि लिहिणारा. यातलं तिचं किती, हे ठरवणं म्हणजेच या विषयाचं मुख्य काम. ते कसं करायचं हे जिथे शिकवतात, ते तुमचं विद्यापीठ.

खोटे कागद ओळखणं हाही याच कामाचा भाग आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दिली असं सांगणारं दानपत्र कित्येक शतकं खरं मानलं गेलं. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने त्यातली लॅटिन तपासली आणि ती चौथ्या शतकातली असूच शकत नाही हे दाखवून दिलं. बनावट सनदा आणि ताम्रपट मराठी अभ्यासकांना नवे नाहीत. तपासण्याची पद्धतही तीच: भाषा, लिपी, कालगणना, साक्षीदार.

म्हणून घरी बसून पहिला स्वाध्याय हा करा. न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पॉल हॅल्सॉल यांनी १९९६ पासून जमवलेला मध्ययुगीन साधनांचा मोठा संग्रह इंग्रजी अनुवादात मोफत आहे. त्यातले पाच वेगवेगळ्या जातीचे कागद निवडा. प्रत्येकावर एकेक पान लिहा: कोणी लिहिलं, कुणासाठी, यात काय सांगितलेलं नाही. ज्या जातीचा कागद वाचताना वेळेचं भान राहिलं नाही, तिकडे वळा.

तिसरी पायरी: लॅटिन

लॅटिनला पर्याय नाही, निदान पश्चिम युरोपसाठी तरी. बायझँटाइन, म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य निवडलंत तर ग्रीक हवी, मुस्लिम स्पेन किंवा सिसिली निवडलंत तर अरबीही. तुम्हाला उर्दू किंवा फारसी येत असेल तर अरबीची लिपी परकी वाटणार नाही. तेव्हा स्पेनमधल्या तोलेदोत बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणणाऱ्या अनुवादकांचा किंवा सिसिलीच्या राजदरबाराचा विचार जरूर करा.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना लॅटिनची भीती वाटायचं कारण नाही. विभक्ती, वचन, लिंग, धातूंची रूपं, शब्दांचा मोकळा क्रम या सगळ्याची सवय आपल्याला आहे. संस्कृतच्या आठ विभक्तींपुढे लॅटिनच्या सहा म्हणजे ओझं थोडं कमीच. रोज अर्धा तास, पण खंड न पाडता, असं वर्षभर केलंत तर सोपं गद्य शब्दकोश घेऊन वाचता येतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने नवशिक्यांसाठी लॅटिनचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला आहे आणि तो थेट जुन्या कागदपत्रांतल्या लॅटिनवर बेतलेला आहे. व्याकरणाचा पाया झाला की लॅटिन बायबल हाती घ्या. वाक्यं छोटी असतात, गोष्ट माहीत असते, शिवाय मध्ययुगीन लेखक पदोपदी त्यातलीच वाक्यं वापरतात. त्यामुळे एकाच वाचनात दोन कामं होतात.

मध्ययुगीन लॅटिनचं शुद्धलेखन मात्र पुस्तकी नसतं. शब्दातला ‘एई’ नुसता ‘ए’ म्हणून लिहिलेला दिसतो, ‘मिही’चं ‘मिकी’ होतं. शब्दकोशात शब्द सापडत नाही म्हणून घाबरू नका, आधी अभिजात रूप कोणतं असेल याचा अंदाज बांधा.

चौथी पायरी: लिपी, तारखा, पैसे

मोडी शिकलेल्या विद्यार्थ्याला इथे काय करायचं ते सांगावं लागत नाही. अक्षरं आजच्या रोमन लिपीतलीच, पण जोडून लिहिलेली आणि निम्मे शब्द संक्षेपात. लॅटिन ‘पी’च्या खालच्या दांडीला आडवी रेघ मारली की ते ‘पेर’ होतं, त्याच अक्षराच्या डोक्यावर रेघ आली की ‘प्रे’, आणि डावीकडे वळसा घेतला की ‘प्रो’. स्वराच्या डोक्यावर रेघ म्हणजे बहुधा गाळलेला ‘म’ किंवा ‘न’. ‘आणि’साठी आकड्यातल्या सातसारखी खूण असते. हे चार-पाच संक्षेप पाठ झाले की अर्धं पान उलगडतं.

सुरुवात नवव्या शतकातल्या कॅरोलिंजियन लिपीपासून करा. ती गोल, सुटी आणि वाचायला सोपी आहे. आजची छापील लहान अक्षरं तिच्याच वंशातली आहेत. स्वित्झर्लंडच्या ‘ई-कोडिसेस’ या संकेतस्थळावर सांक्ट गालेनच्या मठाची हस्तलिखितं उत्तम छायाचित्रांत पाहता येतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गालिका’ आणि व्हॅटिकनचा डिजिटल संग्रहही खुला आहे. छापील आवृत्ती उपलब्ध असलेलं एखादं पान घ्या, स्वतः अक्षरशः उतरवा, मग छापील प्रतीशी ताडून पाहा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची जुनी हस्तलिखित प्रत आहे. ती प्रदर्शनात मांडली असेल तेव्हा आवर्जून जाऊन बघा. पडद्यावर दिसणारं पान आणि खरं पान यांतला फरक डोळ्यांना कळायला हवा.

तारखांचं एक उदाहरण सोडवून दाखवतो, कारण पहिल्या सत्रात बहुतेक सगळे इथे अडखळतात. समजा एका इंग्लिश कागदावर लिहिलंय: ‘हेन्री राजाचा पुत्र एडवर्ड राजा याच्या तेराव्या वर्षी, संत मायकेलच्या सणानंतरचा सोमवार.’ हा एडवर्ड पहिला. त्याची राज्यवर्षं २० नोव्हेंबर १२७२ पासून मोजतात, म्हणून तेरावं वर्ष २० नोव्हेंबर १२८४ ते १९ नोव्हेंबर १२८५. संत मायकेलचा सण २९ सप्टेंबरला, म्हणजे साल १२८५. त्या वर्षी जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे २९ सप्टेंबर शनिवारी आला होता. तेव्हा आपली तारीख १ ऑक्टोबर १२८५. शुहूर सन आणि राज्याभिषेक शक यांची जंत्री हाताळलेल्यांना यात गंमत वाटेल. आणखी एक खाचखळगा: इंग्लंडमध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. कागदावर १० फेब्रुवारी १३०० असेल तर आपल्या हिशेबाने ते १३०१.

पैशांचं थोडक्यात: १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. ‘मार्क’ म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. इंग्लंडमध्ये त्या नावाचं नाणंच नव्हतं, ते फक्त हिशेबात वापरायचं एकक. आकडे रोमन. एखादी हिशेबवही घेऊन बेरजा करून पाहिल्या की हे अंगवळणी पडतं.

पाचवी पायरी: चर्चची ओळख

हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, पण आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांना याची उणीव फार जाणवते. तिकडच्या मुलांना मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ), स्तोत्रसंहिता, मठातल्या दिवसाच्या प्रार्थनांचे प्रहर हे थोडंफार ऐकून माहीत असतं. वसई किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरातून आलेल्यांनाही ते असतंच. बाकीच्यांनी जवळच्या चर्चमध्ये जाऊन रविवारची मिस्सा पाहावी, फादरांशी बोलावं. १९६० च्या दशकापर्यंत कॅथलिक उपासना लॅटिनमधून चालायची, त्यामुळे ज्येष्ठ मंडळींना अजूनही त्या प्रार्थना तोंडपाठ असू शकतात. स्तोत्रं आणि चारही शुभवर्तमानं मराठी बायबलमधून एकदा वाचून काढा. एवढं लक्षात असू द्या की लॅटिन बायबलमधले स्तोत्रांचे क्रमांक बऱ्याच ठिकाणी एकाने मागे असतात: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे आपलं तेविसावं, त्यांचं बाविसावं.

सहावी पायरी: आता विद्यापीठ

इंग्लंडमध्ये एम.ए. एका वर्षात होतं. लीड्स आणि यॉर्क इथे मध्ययुगीन अभ्यासाची स्वतंत्र केंद्रं आहेत. लीड्सला दर जुलैमध्ये जगभरचे मध्ययुगाचे अभ्यासक परिषदेसाठी जमतात. तिच्या कार्यक्रमपत्रिका ऑनलाइन पाहता येतात. आज कोण कशावर काम करतंय हे समजायला त्या फार उपयोगी पडतात. कॅनडात टोरांटोचं केंद्र लॅटिनच्या बाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे एम.ए.साठी एक आणि पीएच.डी.साठी त्याहून वरची अशा लॅटिनच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. पाया पक्का करायचा असेल तर यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. मध्य आणि पूर्व युरोप किंवा बायझँटाइन विषय असेल तर व्हिएन्नातलं सेंट्रल युरोपियन विद्यापीठ पाहा. अमेरिकेत नोत्र दाम आणि फोर्डहॅम.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. मात्र इतिहासाचं शिक्षण जर्मनमधून असतं आणि ती चांगली प्रगत पातळीची लागते. तसंही मध्ययुगाच्या संशोधकाला जर्मन आणि फ्रेंच निदान वाचता यायलाच हव्यात. साधनांच्या प्रमाण आवृत्त्यांचा सर्वांत मोठा प्रकल्प जर्मनीत १८१९ पासून चालू आहे. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आणि अलियाँस फ्राँसेज आहेत, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. कॉलेजात असतानाच एक भाषा सुरू करा.

विद्यापीठाच्या पानावर तीन गोष्टी तपासा. लॅटिन अगदी पहिल्या पायरीपासून शिकवतात का? प्राचीन लिपीवाचनाचा वर्ग आहे का? तुम्ही निवडलेल्या जातीच्या कागदांवर काम करणारी व्यक्ती त्या वर्षी रजेवर नाही ना? तिसरी गोष्ट ईमेल करून विचारावी. पत्र छोटं ठेवा: तुम्ही कोण, कोणता कागद वाचलात, त्यातून कोणता प्रश्न पडला, लॅटिन कुठवर आलीय. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरू होणारं आणि सगळ्यांना एकाच मजकुराचं गेलेलं पत्र कुणी वाचत नाही.

सातवी पायरी: पैसे आणि अर्ज

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला विषयाचं बंधन नाही, पण २८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ऑक्सफर्डसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. इनलॅक्स शिष्यवृत्ती मानव्यविद्यांना मदत करते. १८९२ पासूनची जे. एन. टाटा एन्डाउमेंट कर्जरूपाने पैसे देते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.ला शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं, त्यामुळे पैशांची अडचण असणाऱ्यांनी त्या मार्गाचा गांभीर्याने विचार करावा. मात्र लॅटिन आधीच पक्की असेल तरच तिथे निभाव लागतो.

अर्जासोबत द्यायचा लेखननमुना मध्ययुगीन युरोपवरच हवा असं नाही. पेशवे दफ्तरातल्या एखाद्या कागदावर, मूळ मोडी वाचून लिहिलेला निबंध पाठवला तरी चालतो. निवड करणाऱ्यांना साधनाशी झटापट करण्याची तयारी पाहायची असते. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना तो निबंध आणि तुमचं उद्देशपत्र निदान महिनाभर आधी द्या, म्हणजे त्यांना तुमच्याबद्दल नेमकं लिहिता येईल.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. भारतात युरोपच्या मध्ययुगासाठी अध्यापनाच्या जागा जवळजवळ नाहीत, तिकडेही त्या तुटपुंज्या आहेत. पदवीनंतर अभिलेखागारं, ग्रंथालयं, संग्रहालयं, प्रकाशन या क्षेत्रांकडे बरेच जण वळतात. गोव्याकडे पाहायला मात्र विसरू नका. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज राजवटीचे कागद आहेत. त्यांची दप्तरपद्धत, नोटरींची भाषा, लिपी ही थेट उत्तरमध्ययुगीन पोर्तुगालमधून आलेली आहे. लॅटिन आणि पंधराव्या शतकातली पोर्तुगीज लिपी शिकून परत आलेल्या मराठी किंवा कोंकणी अभ्यासकाला तिथे आयुष्यभर पुरेल इतकं काम आहे.

पोहोचल्यावर

वर्षभराच्या एम.ए.त बहुतेक ठिकाणी सुमारे १५,००० शब्दांचा प्रबंध असतो आणि त्याचा विषय हिवाळ्यातच विचारला जातो. मार्गदर्शकाकडे पहिल्या भेटीला जाताना विषयाचं भारदस्त शीर्षक नेऊ नका. तीन कागदांची नावं न्या, ते कुठल्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांची छापील आवृत्ती आहे का ते लिहून न्या, आणि त्यातलं एक पान स्वतः उतरवून, अडलेल्या शब्दांखाली रेघा मारून सोबत ठेवा. पुढची चर्चा त्या रेघांपासून सुरू होईल.